ओटा पुसला की दिवस संपला

घरकामाला कंटाळून माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक बायका असतात, आणि त्या तसं सांगत नाहीत. झोप लागत नाही म्हणतात, चिडचिड होते म्हणतात, मुलावर हात उगारला गेला म्हणून रडतात. बऱ्याच वेळाने मधेच कुठेतरी येतं, ‘कितीही करा, उरतंच.’ वसंतराव मात्र खुर्चीत बसता बसताच म्हणाले, ‘‘मॅडम, मला भांड्यांविषयी बोलायचंय.’’

वसंतराव (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सांगलीचे, वय ६३. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी कॅशमध्ये, निवृत्त झाले ते हेड कॅशियर म्हणून. पत्नी शैलाताई यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा-सून पुण्याहून येऊन आठवडाभर राहून गेले. धुण्याभांड्याला मावशी येतात, पण सकाळी एकदाच. त्या गेल्यापासून दुसऱ्या दिवशी येईपर्यंत जे साचेल ते वसंतरावांच्या वाट्याला.

गृहस्थ कामचुकार नव्हते. उलट त्यांनी घरकाम एखाद्या थकबाकीसारखं अंगावर घेतलं होतं. एकदा जोर लावून पेंडिंग शून्यावर आणायचं, मग निवांत. त्यासाठी तीन दिवसांची भाजी एकदम करून ठेवली. जादाच्या वाट्या आणि पेले कपाटात बंद केले. भातही दोन वेळचा लावला; तो रात्री ओट्यावरच राहिला, दिवस मे महिन्याचे, सकाळी वास सुटला. शैलाताई पलंगावरून हसल्या आणि ते हसू त्यांना फार लागलं. मग रात्री मधेच उठून सिंक पाहून यायला लागले. एखादा चमचा दिसला तर घासूनच झोपायचे. ‘‘सकाळी चहाचं पातेलं पडलं की परत सुरू. माणूस हे का करतो? मला तर यात काही अर्थच दिसेना. मला काही झालंय का?’’

हा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. काही झालंय का, हे खरंच तपासावं लागतं. कामाचा कंटाळा आणि नैराश्य यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. म्हणून गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारलं: झोप, भूक, थकवा, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. वसंतरावांचा संध्याकाळचा बुद्धिबळाचा डाव चालू होता, हरले की रागही येत होता. आमराईत फिरायला जात होते. रात्री उठून सिंक पाहण्यामुळे मी मंत्रचळाचीही, म्हणजे ओसीडीची, शक्यता चाचपली. तिथे स्वच्छ असलेलं पुन्हा पुन्हा धुतलं जातं, नको असलेला विचार पाठ सोडत नाही, आणि या सगळ्यात दिवसाचा तास-तासभर किंवा त्याहून जास्त जातो. यांच्या सिंकमध्ये मात्र चमचा खरंच असायचा. (ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळंच नकोसं वाटतंय, फक्त घरकाम नव्हे, त्यांनी पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना भेटावं. बायकांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ‘आळशी झालेय’ असं स्वतःला बोल लावणाऱ्या कितीतरी जणींचं रक्त कमी निघतं. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.)

आता त्यांचा दुसरा प्रश्न. अर्थ काय?

मी त्यांना बँकेत कॅश कशी बंद व्हायची ते विचारलं. माणूस एकदम सरळ बसला. काउंटर बंद झालं की नोटांची बंडलं मोजायची, जमा-नावे ताळा घ्यायचा, पुस्तकातली शिल्लक आणि हातातली रोकड जुळवायची. नाही जुळली तर कुणी घरी जायचं नाही. जुळली की सह्या, मग रोकड तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, एक यांच्याकडे, एक अकाउंटंटकडे; एकट्याला ती उघडता येत नाही, बंदही करता येत नाही.

‘‘आणि दुसऱ्या दिवशी?’’

‘‘दुसऱ्या दिवशी परत उघडायची.’’

‘‘म्हणजे ३४ वर्षांत कॅश कधी संपली नाही.’’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘पण ती रोज बंद व्हायची ना.’’

हे उत्तर मला जमलं नसतं. काम उद्या पुन्हा उगवणार याचा त्रास त्यांना आयुष्यभरात झाला नव्हता. त्रास होता तो दिवसअखेर नसण्याचा. घरात ताळा लागत नाही, सही होत नाही, ‘आता जा घरी’ म्हणणारं कुणी नाही, कारण आपण घरीच असतो.

मनाला उघडी राहिलेली कामं टोचतात, हे मानसशास्त्रात जुनं निरीक्षण आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांत मधेच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली; तिचा निबंध १९२७चा. पुढे ते प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना दर वेळी तोच निकाल मिळाला नाही, तेव्हा त्याला नियम म्हणू नये. मला जास्त उपयोगी वाटतं ते २०११ मधलं काम. दोन अमेरिकन संशोधकांना असं आढळलं, की अर्धवट राहिलेली गोष्ट डोक्यातून जायला ती पूर्णच करावी लागते असं नाही. ती कधी आणि कशी करायची हे पक्कं ठरवलं तरी तिची टोचणी बरीच कमी होते. रात्रीचा चमचा घासायलाच हवा असं नाही. तो सकाळच्या भांड्यांत जाणार, एवढं ठरलेलं हवं.

पण ‘अर्थ’ उरतोच. कॅश जुळवण्याने बँकेत दिसण्यासारखं काय निर्माण होत होतं? काही नाही. अफरातफर होत नव्हती, एवढंच. घरातली निम्मी कामं याच जातीची आहेत. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं: पिंप, हौद, कूलर रिकामे करायचे, घासून कोरडे करायचे. गेल्या रविवारी केलं होतं या सबबीला डास बधत नाही. वर्षभर नेमाने केलं तर फळ काय? ताप आला नाही. न आलेला ताप कुणाला दाखवणार? बांधलेली भिंत दाखवता येते. घासलेलं पातेलं दाखवायला जावं तोवर त्यात दूध तापलेलं असतं, आणि ते तापावं म्हणूनच तर ते घासलेलं असतं. काम टिकत नाही अशी तक्रार आपण करतो तेव्हा खरं तर ते वापरलं गेलेलं असतं.

एवढं मी बोलले आणि वसंतरावांनी मान डोलावली. मान डोलावण्याने माझं समाधान होत नाही, म्हणून त्यांना घरचं काम दिलं: शैलाताईंचा दिवस रोज कशाने बंद व्हायचा, ते त्यांना विचारून या.

पुढच्या वेळी शैलाताई स्वतःच आल्या, वॉकर घेऊन. म्हणाल्या, ‘‘हे विचारत होते, तू कधी थांबायचीस. अहो, ओटा पुसला की माझा दिवस संपला. दूध तापवून झाकायचं, विरजण लावायचं, मटकी नाहीतर मूग भिजत घालायचे, गॅसचा नॉब बघायचा, ओटा पुसायचा. त्यानंतर सिंकमध्ये दोन पेले पडले तर पडू देत. दुकान बंद म्हणजे बंद.’’

म्हणजे दिवसअखेर त्या घरात होती. ३४ वर्षं कॅश जुळवून दमून आलेल्या माणसाला ती दिसली नव्हती.

इथे मला थांबून शैलाताईंचं कौतुक करता आलं असतं. आपल्याकडे ते फार पटकन होतं: बाई कशी हसतमुखाने, निष्कामपणे करत राहते. वसंतरावांनी केलंच. ‘‘हिला कधी कंटाळा आला नाही,’’ म्हणाले.

‘‘आला नाही असं कुणी सांगितलं? तुम्हाला दोन महिन्यांत आला तर तुम्ही मॅडमकडे आलात. मला यायचा तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून अर्धा तास पडायचे.’’

वसंतराव काही बोलले नाहीत. मीही मधे पडले नाही.

देशभरातल्या वेळेच्या वापराची सरकारी पाहणी २०२४ मध्ये झाली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा आकडा फक्त हातांच्या कामाचा वाटतो, पण डोक्याचं काम वेगळंच राहतं. ॲलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये अमेरिकन जोडप्यांच्या अभ्यासातून त्याचे चार भाग मांडले: काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवणं बऱ्यापैकी दोघांत वाटलं जातं, ओळखणं आणि लक्ष ठेवणं जास्त करून बायकोकडे राहतं. सांगलीतल्या या घरात शैलाताई पलंगावरून तेच करत होत्या. सिलेंडर कधी लावला होता, मावशी परवा येणार नाहीत, हिंग संपत आलाय. वसंतरावांच्या हिशेबी त्या दोन महिने विश्रांती घेत होत्या.

‘अर्थ वाटत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आता तत्त्वज्ञानाआधी दोन गोष्टी विचारते. दिवस कधी बंद होतो? आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तेच काम, तेवढंच काम, पण आपल्याशिवाय आणखी एकाला ते कसं चालतं हे माहीत आहे, एवढ्याने त्याचं वजन बदललेलं मी पाहिलं आहे. उलट, सगळं एकटीवर असेल तर घरकामात ध्यान शोधा, भांडी घासताना श्वासाकडे लक्ष द्या, असले सल्ले मला अन्यायाचे वाटतात. ज्यांना ते जमतं त्यांनी खुशाल करावं. २८९ मिनिटं करणाऱ्या बाईला मात्र ते मी सुचवत नाही.

त्या दोघांनी ठरवलं ते साधं होतं. रात्रीची दिवसअखेर वसंतरावांची, शैलाताई चालायला लागल्यावरसुद्धा. पाच गोष्टी, त्यांनी कॅशियरच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावल्या. झाल्या की लाइट बंद, सिंककडे बघायचं नाही. रात्रीचं उठणं थांबायला दोन-तीन आठवडे गेले. पहिल्या काही दिवसांत विरजण दोनदा राहिलं आणि एकदा दूध कडकडीत गरम असतानाच लागलं. शैलाताईंनी ते दुरुस्त केलं नाही, एवढं त्यांनी माझं ऐकलं. त्यांच्या दृष्टीने जास्त अवघड काम तेच होतं.

पुढे त्यांनी वॉकर सोडला, मग काठीही, आणि स्वयंपाकघर हळूहळू परत ताब्यात घेतलं. वसंतरावांना सुटल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता, पण ते थोडे नाराजच झाले. फोडणी आता बरी जमते, म्हणाले. आठवड्यातले दोन दिवस त्यांनी मागून घेतलेत.

सध्याचा वाद वेगळा आहे. आपल्या वारी ते सकाळी विचारतात, ‘आज काय करू?’ शैलाताईंचं म्हणणं, हा प्रश्न विचारला की निम्मं काम माझंच झालं. वसंतरावांचं म्हणणं, ऑफिसात वरिष्ठांना विचारूनच काम करतात. ‘‘मी वरिष्ठ कधी झाले?’’ यावर अजून तोडगा निघालेला नाही. पुढच्या भेटीला दोघंही येणार आहेत.