नागपूरचा फ्लॅट आणि दारव्ह्याचं दुकान

दारव्हा तालुक्यातल्या एका कृषी केंद्रवाल्या वाचकाचं पत्र आलंय. मुलगी नागपूरला दोन वर्षांच्या कोर्सला चालली आहे. वेबसाइटवर त्यांनी ४२ लाखांचा नव्या स्कीममधला टू बीएचके पाहिला. वस्तीला सुरक्षिततेचे साडेचार तारे आहेत, त्यावर विश्वास ठेवावा का, एवढंच विचारलंय. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलंय: ‘५ लाख टोकन दिलं, पावती व्हॉट्सॲपवर आहे. खतासाठी ठेवलेले ७ लाख टाकतो, ३० लाख बँक देते.’

भाऊ, ते तारे कुठल्या पोलीस ठाण्याच्या आकड्यांवरून दिले, हे साइटवाल्याला विचारा. सांगता आलं नाही तर तारे सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे एफआयआर २४ तासांत ऑनलाइन टाकायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि तारीख टाकून घरफोड्या, साखळीचोऱ्या तुम्ही स्वतः मोजू शकता. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर मात्र तिथे दिसत नाहीत, आणि मुलीच्या बापाला तीच काळजी असते. त्यासाठी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, तीन वर्षांचे नुसते आकडे मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि एकदा रात्री साडेनऊला मुलीला घेऊन बसथांब्यापासून त्या गेटपर्यंत पायी जा. किती दिवे बंद आहेत ते बघा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी बोला.

आता न विचारलेलं. दोन वर्षांच्या मुक्कामासाठी तुम्ही वीस वर्षांचं कर्ज काढताय. ९ टक्क्यांनी ३० लाखांचा हप्ता २७ हजार, एकूण फेड ६५ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३ लाख वेगळे. तसाच फ्लॅट १२-१३ हजारांनी भाड्याने घेतला तर दोन वर्षांचे ३ लाखच होतात. म्हणजे नुसत्या नोंदणीच्या खर्चात मुलीचं शिक्षण होईपर्यंतचं भाडं निघतं! ‘नंतर भाड्यातून हप्ता सुटेल’ असं एजंट म्हणाला, ते साफ खोटं आहे. मेंटेनन्स, कर, रिकामे महिने वजा जाता वर्षाला हातात सव्वा लाख, हप्ते सव्वातीन लाखांचे. वरचे २ लाख दरवर्षी दुकानातून जाणार.

आणि दुकानाचा पैसा कधी येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मृगात बियाणं-खत उधारीवर जातं, वही भरते. वसुली होते सोयाबीन, कापूस विकल्यावर. हप्ता मात्र ऑगस्टमध्येही ५ तारखेलाच कापला जाणार. त्यात खताचे ७ लाख फ्लॅटमध्ये अडकले, तर येत्या मे महिन्यात माल उचलायला सावकाराकडे जाल. महिन्याला शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. चालतं दुकान यात बुडेल, भाऊ. मला वस्तीपेक्षा याची जास्त धास्ती वाटते.

म्हणून आधी टोकन सोडवा. ४२ लाखांवर ५ लाख म्हणजे १२ टक्के. रेरा म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा; त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पावती बिल्डरची आहे की एजंटची, आणि एजंटची महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे का, आजच बघा. याच आठवड्यात दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पैसे परत मागा. ऐकलं नाही तर महारेराकडे तक्रार करा.

पैसे आले की ते शेतकऱ्यांच्या खतालाच लावा. मुलीसाठी त्याच वस्तीत अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, त्यात एका महिन्याच्या नोटिशीची अट लिहून घ्या. दिवाळीला घरी येईल तेव्हा ती वस्ती कशी आहे, हे तिलाच विचारा. नको म्हणाली तर खोली बदलता येईल.