जर्मनीत नर्सिंग शिकायला येताना

गार्गी, तू विचारलंस, बारावी झाली, जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली, आता इंदूरलाच बी.एस्सी. नर्सिंग करू की जर्मनीत आउसबिल्डुंगला, म्हणजे पगार घेत, काम करत शिकायच्या प्रशिक्षणाला येऊ, आणि पहिलं वर्ष झेपेल का? मी इंदूरच्या लोकमान्य नगरहून इथे आले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आउसबिल्डुंगच्या तीन वर्षांत किमान २१०० तास वर्ग आणि २५०० तास प्रत्यक्ष काम. फी नाही, उलट सरकारी दवाखान्यात पहिल्याच वर्षी कपातीआधी १३०० युरोंच्या वर पगार. काकूंना रात्रपाळीची काळजी वाटतेय ना? ती दीड वर्षानंतर, तीही कुणाच्या तरी देखरेखीखालीच.

अभ्यास तुला जमेल. जड जातं ते वॉर्डातलं काम. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं नातेवाईक नाहीतर आया करतात. इथे ते नर्सचंच काम. पहिल्या आठवड्यात मी एका आजींचा चेहरा पटापट पुसत होते. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातातलं ओलं फडकं काढून आजींच्याच हातात दिलं. थरथरत्या हाताने आधी डोळ्यांच्या कडा, मग हनुवटी. पाच मिनिटं लागली. घरी आजीचं सगळं हातात देत वाढलेल्या मला ते निष्ठुर वाटलं. पण त्या आजी घरी एकट्या राहायच्या, तिथे फडकं धरायला मी थोडीच असणार होते!

आणि भाषा. पाळी बदलताना सगळ्या रुग्णांची माहिती भराभर सांगतात, त्याला यूबरगाबे म्हणतात. मला निम्मी कळायची नाही, तरी मी मान हलवायचे. एकदा उपाशी ठेवायच्या रुग्णाला मी ब्रेड दिला आणि त्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. त्या रात्री खूप रडले. तेव्हापासून लाज न बाळगता पुन्हा विचारते.

म्हणून कुणी एजंट काहीही म्हणो, बी-टू, म्हणजे भाषेची पुढची पातळी झाल्याशिवाय निघू नकोस. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ; त्यात नोटीस न देताही दवाखान्याशी केलेला करार मोडता येतो आणि तुझा व्हिसा त्या करारावरच असतो. बी.एस्सी. करून आलीस तर आउसबिल्डुंग नको, पदवीची मान्यता घ्यायची. घाई नसेल तर तोही रस्ता चांगला आहे. पण इथलं काम मुळापासून शिकायचं असेल तर मी आउसबिल्डुंगच सांगेन.

करार आला की सही करण्याआधी मला पाठव. ओळ न् ओळ वाचून देते.