कारखान्याच्या आरोग्य केंद्रात नर्स कायद्याच्या कचाट्यात कुठे सापडते?

तुम्ही विचारलंय, ‘हॉस्पिटल सोडून कारखान्याच्या आरोग्य केंद्रात रुजू होतेय, डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, माझ्या अंगावर काय येऊ शकतं?’ बारा वर्षं हेच केलंय म्हणून सांगते. मोठ्या अपघाताची धास्ती घेऊ नका. तिथे सगळेच धावतात. नर्स अडकते ती ‘सिस्टर, पटकन एक गोळी द्या ना’ इथे.

रात्रपाळीला एकजण असाच आला. छातीत जळजळतंय, अ‍ॅसिडिटीची गोळी द्या म्हणाला. सुपरवायझर दारातच उभा, लाइन थांबली म्हणून. पण माणसाच्या कपाळावर घाम होता. मी त्याला आडवं केलं, बीपी घेतलं, डॉक्टरांना फोन लावला आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकली, २.१०. हार्ट अटॅक निघाला. गोळी देऊन परत पाठवला असता, तर निदानही मीच केलं असतं आणि उपचारही. नर्स म्हणून माझी जी नोंदणी आहे, तिच्यात दोन्ही बसत नव्हतं.

म्हणून डॉक्टरांच्या सही-तारखेची लेखी स्टँडिंग ऑर्डर आधी मागा: कोणत्या लक्षणाला कोणतं औषध, किती, आणि कधी हात न लावता पुढे पाठवायचं. फोनवर ऑर्डर मिळाली तर तिथल्या तिथे लिहून परत वाचून दाखवा, पुढच्या भेटीत सही घ्या. नर्सने काय करायचं हे नर्सिंगचा कायदा आणि तुमची नोंदणी करणारी नर्सिंग परिषद ठरवते, कंपनीच्या नेमणूकपत्राने त्यात भर पडत नाही.

‘फिट’ हा शब्द जपून. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा विषारी वायू हुंगलेला माणूस तासाभराने हसत बोलतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. मी लक्षणं, नाडी, ऑक्सिजन आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळ लिहिते. फिट-अनफिट डॉक्टर ठरवतात.

मग एचआर. ‘रजेवर आहे तो, नक्की झालंय काय हो त्याला?’ असं सहज विचारतात. सांगायचं नाही. काम करू शकतो की नाही आणि कोणत्या अटींवर, एवढंच डॉक्टरांच्या शेऱ्यावरून कळवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५च्या १६१ क्रमांकाच्या करारात स्पष्ट आहे की गैरहजेरीचं कारण खरं की खोटं हे तपासायला मालक आरोग्य कर्मचाऱ्यांना लावू शकत नाही (कलम १५). तुमच्या देशाने तो स्वीकारलाय का ते बघा. नसला तरी वाद घालताना हाताशी असलेला बरा.

रजिस्टरमध्ये व्हाइटनर नको. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. जखमेची वेळ ‘जरा पुढेमागे’ करायला मलाही सांगितलं गेलं होतं. मी ती विनंतीसुद्धा नोंदवली, त्यानंतर कुणी विचारलं नाही.

कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर कंपनीचा विमा तुम्हाला धरतो का, हे लेखी घ्या. मी स्वतःच्या नावाने वेगळा काढलाय. आणि पहिल्याच दिवशी औषधांचं कपाट उघडून बघा. ज्या औषधामागे ऑर्डर नाही, ते डॉक्टर येईपर्यंत कुलपात.