प्रश्न तुमचे: पोटफुगी, पथ्य आणि कांद्याशिवायचं वाटण

प्रश्न: आयबीएसचं (हळव्या आतड्याच्या विकाराचं) निदान झाल्यावर डॉक्टरांनी ‘लो फॉडमॅप’ पथ्य, म्हणजे पोटात आंबून वायू करणाऱ्या शर्करा टाळण्याचं पथ्य, सांगितलं. हाती आलेल्या यादीत ब्रोकोली, किन्वा, ब्लूबेरी! कांदा-लसूण नाही म्हणजे आमच्याकडे वाटणच नाही. चार महिने मऊ भात आणि उकडलेला बटाटा यांवर काढले. गॅस कमी झाला, पण थकवा फार जाणवतो. आणखी किती दिवस हे चालू ठेवायचं?
– एक वाचक, देवगड

उत्तर: चार महिने फार झाले. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या या पथ्याचे तीन टप्पे आहेत. वर्ज्य करण्याचा पहिला टप्पा फक्त 2 ते 6 आठवड्यांचा असतो. दुसऱ्यात एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा, आणि तिसऱ्यात जे सोसतं ते सगळं ताटात आणायचं. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर हे पथ्य तुमच्यासाठी नाही असं समजून सोडून द्यावं. तुम्हाला फरक पडलाय, म्हणजे दुसरा टप्पा कधीच सुरू व्हायला हवा होता. लांबलेल्या पथ्यात कॅल्शियम आणि चोथा कमी पडतो, शिवाय आतड्यातले उपयोगी जिवाणूही घटतात. थकवा त्यामुळेच आहे असं न तपासता म्हणता येणार नाही. हिमोग्लोबिन आणि बी-12 बघून घ्या.

कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतडं हळवं असल्यामुळे तेवढाच वायू दुखतो.

त्या यादीपेक्षा आपलं जेवण या पथ्याला सोयीचं आहे. भात, पेज, तांदळाची भाकरी, निव्वळ तांदळाचे घावणे, बांगडा, सुरमई, कोळंबी, अंडी, वांगं, गाजर, काकडी, पालक हे सगळं चालतं. मासे तळताना मात्र रवा नको, तो गव्हाचाच. तांदळाचं पीठ लावा. मांदेली कुरकुरीत तळून काट्यांसकट खाल्ली की कॅल्शियमही मिळतं.

आता वाटण. लसणातली त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून 4 मोठे चमचे तेलात 5-6 ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, सगळ्या पाकळ्या काढून टाका आणि त्याच तेलावर फोडणी करा. हे तेल लगेच वापरून संपवायचं. बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. अख्खा लसूण कालवणात शिजवून नंतर काढण्यात अर्थ नाही, तोवर जे उतरायचं ते रश्शात उतरलेलं असतं. चौघांच्या कालवणाला अर्धी वाटी ओलं खोबरं नेहमीपेक्षा थोडं जास्त काळसर भाजा, सोबत बेडगी मिरची, धणे, मिरी, आलं. कांद्याची उणीव पातीचा हिरवा भाग बऱ्यापैकी भरून काढतो. खालचा पांढरा गड्डा घेऊ नका. अगदी तीच चव येणार नाही, पण जेवण अळणी वाटत नाही. सोलकढीतही लसूण नको आणि दाट रस माणशी पाव वाटीच घ्या. बाकी आगळ आणि पाणी. तयार मसाल्याच्या पाकिटावर कांदा-लसूण पावडर आहे का, तेही वाचा.

प्रश्न: पदार्थ परत सुरू करायचे ते कसे? मी रविवारी कांदाभजी खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसले.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: त्या भजीतून काहीच कळलं नाही. कांदा होता, बेसन होतं, आणि तळणीचं तेलही होतं. नुसतं तेलही हळव्या आतड्याला ढवळतं. कांदा तपासायचा तर पोह्यांतून तपासा: पहिल्या दिवशी 1 मोठा चमचा परतलेला कांदा, दुसऱ्या दिवशी 2, तिसऱ्या दिवशी 4. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग 2-3 दिवस पूर्ण पथ्य पाळा आणि पोट शांत झाल्यावरच पुढचा पदार्थ घ्या. दूध असंच पाव, अर्धा, एक कप. लसूण, गहू, चणे किंवा मसूर आणि आंबा हे प्रत्येक वेगवेगळे तपासायचे. कांदा सोसला नाही म्हणून गहूही सोसणार नाही असं नसतं. तपासणी चालू असताना, पास झालेला पदार्थसुद्धा लगेच रोजच्या जेवणात घेऊ नका, नाहीतर बेरीज होते आणि दोष भलत्याच पदार्थावर जातो. पाळीच्या दिवसांत नवी तपासणी नको. आंब्याची सुरुवात दोन फोडींनी करा. आमरसाच्या वाटीत किती आंबे गेले ते कळत नाही.

प्रश्न: गहू बंद केल्यावर खूप बरं वाटलं. मग सीलिअ‍ॅकची (गव्हामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली. आता निश्चिंत राहू ना?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: नाही. ही तपासणी ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे तयार होणारी प्रतिपिंडं शोधते. गहू बंद असेल तर ती घटतात आणि आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. तपासणीआधी साधारण सहा आठवडे रोज, एकाहून अधिक जेवणांत, गहू खावा लागतो. हे डॉक्टरांशी बोलून करा. शौचातून रक्त, न ठरवता घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार यांपैकी काही असेल, तर पथ्याचा विचार नंतर; आधी डॉक्टर.

प्रश्न: श्रावणात आणि गणपतीत आमच्याकडे कांदा-लसूण नसतो. तरी पोट याच दिवसांत जास्त का फुगतं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: कांद्याच्या जागी ताटात काय आलं ते बघा. वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, दुधाची खीर, वर काजू. सात्त्विक जेवण आणि हे पथ्य यांचा काही संबंध नाही. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात शिजवा. त्रासदायक शर्करेचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. शिजवल्यावर निथळलेल्या पाण्यातही ती असते, म्हणून त्या पाण्याचं सार तुम्ही पिऊ नका, घरच्यांना वाढा. उसळ अर्धी वाटी नको, दोन चमचे घ्या, आणि त्याच जेवणात खीर नको. उकडीच्या एखाद्या मोदकाने सहसा काही बिघडत नाही.