वाचकांचे प्रश्न : ‘ओएस.पाथ’ ठेवावे की ‘पाथलिब’ घ्यावे?

प्रश्न : आमच्या पायथन स्क्रिप्ट जुन्या आहेत, पाथ (फाइलचा पत्ता) जोडायला सगळीकडे ‘ओएस.पाथ.जॉइन’ आहे. नवे सहकारी त्याच कामासाठी ‘पाथलिब’ वापरतात आणि दोन्ही एकत्र आले की ‘टाइपएरर’ (चुकीच्या प्रकारच्या मूल्याची एरर) येतो. सगळा कोड बदलावा का?

उत्तर : एका दमात बदलू नका. नवा कोड पाथलिबमध्ये लिहा. जुन्या फाइलला दुसऱ्या कामासाठी हात लागेल तेव्हा तेवढा भाग बदला. पाथलिब पायथन 3.4 मध्ये आले, पण ‘ओपन’ आणि ‘ओएस’मधली फंक्शन्स पाथ ऑब्जेक्ट थेट घेऊ लागली ती 3.6 पासून. त्यामुळे दर ठिकाणी ‘एसटीआर’ने गुंडाळायची, म्हणजे पाथची स्ट्रिंग (साधा मजकूर) करायची आता गरज नाही.

तुमची चूक बहुधा ‘+’ ची आहे. ओएस.पाथमध्ये पाथ म्हणजे साधी स्ट्रिंग, म्हणून तिला ‘_जुने’ चिकटवता येते. पाथलिबमध्ये तो ऑब्जेक्ट असतो. फोल्डर जोडायला ‘/’ आणि नाव बदलायला ‘विथ_नेम’ वापरावे लागते. जेसनमध्ये (डेटा साठवायच्या मजकूर स्वरूपात) लिहिताना मात्र ‘एसटीआर’ लावाच.

सर्वांत जास्त जपायचे ते एक्स्टेंशन बदलणाऱ्या ‘विथ_सफिक्स’ला. ते फक्त शेवटच्या टिंबापुढचा भाग बदलते. ‘अहवाल.10.05’ आणि ‘अहवाल.10.06’ या दोन्ही नावांवर पीडीएफचे एक्स्टेंशन लावले, तर दोघांचेही ‘अहवाल.10.पीडीएफ’ होते आणि दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते. एररही येत नाही! अशा नावांसाठी ‘पी.नेम’च्या (‘पी’ हा पाथ, ‘नेम’ त्यातले फाइलचे नाव) पुढे एक्स्टेंशन जोडून ते ‘विथ_नेम’ला द्या.

पाथ सरळ करणाऱ्या ओएस.पाथमधल्या ‘नॉर्मपाथ’च्या जागी डोळे मिटून पाथलिबचे ‘रिझॉल्व्ह’ घालू नका. नॉर्मपाथ ‘..’ (एक फोल्डर वर) केवळ अक्षरे पाहून काढते, तर रिझॉल्व्ह डिस्कवरच्या सिमलिंकमागे (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यामागे) जाते. मधला फोल्डर सिमलिंक असेल तर दोघांचे उत्तर वेगळे येते. वापरकर्त्याने दिलेले नाव जोडताना तर ओएस.पाथ आणि पाथलिब सारखेच धोकादायक आहेत : ते ‘/’ने सुरू झाले की आधीचा फोल्डर गळून पडतो. जोडल्यावर मूळ फोल्डर आणि हा पाथ दोन्ही रिझॉल्व्ह करा आणि पाथ त्या फोल्डरच्या आतच आहे ना, ते ‘इज_रिलेटिव्ह_टू’ने तपासा (3.9 पासून).

लाखो फाइल चाळणारा लूप असेल तर तिथे फोल्डरमधल्या नोंदी देणारे ‘ओएस.स्कॅनडिर’ राहू द्या. दर फाइलमागे पाथ ऑब्जेक्ट बनवायला वेळ लागतो. बाकी ठिकाणी तो फरक जाणवत नाही. आणि फाइलचा मजकूर वाचणाऱ्या ‘रीड_टेक्स्ट’ला एन्कोडिंग (अक्षरे साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-8’ स्पष्ट द्या, नाहीतर विंडोजवर मराठी मजकूर बिघडू शकतो.

प्रश्न : विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर ‘फाइल सापडली नाही’ म्हणते. पाथलिब तर वापरले आहे.

उत्तर : कोडमध्ये हाताने लिहिलेला ‘\’ शोधा. लिनक्सवर तो नावाचाच एक भाग धरला जातो, म्हणून ‘डेटा\जमा’ हे एकाच फाइलचे नाव ठरते. सगळीकडे ‘/’ लिहा. विंडोजलाही ते चालते. तरी अडले तर इंग्रजी नावांतली कॅपिटल-स्मॉल अक्षरे जुळवून पाहा, लिनक्स ती वेगळी मानते.