टीव्हीवर क्रिकेट बघताना आजकाल इतकी चिडचिड का होते? मलाच होते का? उपाय काय?

नाही हो, तुम्हालाच नाही होत. आणि "म्यूट करून बघा" हा सल्ला तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी दिला असेल. तो मी देणार नाही, कारण आमच्या घरात म्यूट चालतच नाही. बाबांना दिसत नाही. काचबिंदूत गेले डोळे, आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळतं, बस. पण मॅच सोडायची नाही. टीव्हीसमोर खुर्ची टाकून तोंड थोडं बाजूला वळवून बसतात, म्हणजे कान टीव्हीकडे. त्यांच्या शेजारी बसून एक सेशन काढा, मग कळेल टीव्हीवाले तासाभरात किती बोलतात आणि त्यातलं मॅचबद्दल किती असतं.

तर तो दिवस. टेस्टचा पाचवा दिवस, शेवटचं सेशन, समोरच्यांच्या दोन विकेट बाकी. कुठली मॅच ते मुद्दाम सांगत नाही, चॅनलचं नाव काढायचं नाहीये. ओव्हरचा सहावा बॉल. कसला तरी बारीक आवाज आला, सगळे मिळून ओरडले, आणि पुढच्या क्षणाला स्क्रीनवर सिमेंट. एक माणूस भिंतीवर हात फिरवून कौतुकाने मान हलवतोय. बाबा विचारतायत "आऊट का रे?" आणि मी दोन्ही डोळे शाबूत असलेला माणूस म्हणतोय "थांबा, कळत नाहीये". सिमेंट झालं, मग एक गाडी झाली, मग परत आलो तर नवीन बॅट्समन बोलरच्या एंडला उभा. म्हणजे आऊट. पण कसा? कॉमेंट्रीला दोघं होते आणि ते एकमेकांच्या गोल्फवरून हसत होते. हसा ना, पण एकदा सांगा तरी! स्कोअरच्या पट्टीवर आकडा बदलला तेवढाच, आणि आकडा बाबांना दिसत नाही. "कसा गेला?" "माहीत नाही बाबा." "मग तू बघत काय होतास?"

हे त्यांनी चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मला मात्र फार लागलं.

बरं, रिप्ले आला, नाही असं नाही. पण नव्या ओव्हरचा पहिला बॉल पडत असताना आला. त्यामुळे शॉर्ट लेगला कॅच गेलाय हे कळलं आणि त्या नादात पुढचा बॉल गेला. तेव्हा बाबा म्हणाले कपाटातून रेडिओ काढ. काढला, सेल घातले, लावला. आणि रेडिओवाला माणूस अगदी शांतपणे सांगतोय की बोलर कुठल्या एंडने येतोय, फिल्डर कुठे उभे आहेत, बॉल कुठे पडला, बॅट्समन पुढे आला का मागे गेला. बाबांचा चेहराच बदलला. दुसरी गंमत म्हणजे टीव्हीवर मी ॲपवरून स्ट्रीम लावली होती, ती रेडिओच्या अर्धा मिनिट तरी मागे. शेवटची विकेट पडली तेव्हा बाबांनी टाळी वाजवली आणि माझ्या स्क्रीनवर बोलर अजून बॉल पँटला घासत होता. मला म्हणाले, "आता बघ, मिडल स्टंप." आणि खरोखर मिडल स्टंप. ज्यांना दिसत नाही ते मला पुढचा बॉल सांगत होते आणि मी तो नंतर बघत होतो!

आता दाजी. ताईचे मिस्टर तिथेच सोफ्यावर होते आणि त्यांनी बारा वर्षं चॅनलसाठी जाहिरातींचा वेळ विकायचं काम केलंय, त्यामुळे त्यांचं वाक्य ठरलेलं: "जाहिरात नसती तर मॅचच नसती." हे मी ताईच्या लग्नापासून ऐकतोय. त्यांचा हिशोब खोटा नाही, आधी तेच सांगतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, त्यात भारतातल्या टीव्हीचेच २३,५७५ कोटी. ४१० मॅचेस धरून विकलेले, म्हणजे टीव्हीवाल्याला एक मॅच साडेसत्तावन्न कोटींना पडली. दोन्ही इनिंग पूर्ण झाल्या तर २४० बॉल. भागून बघा, बॉलमागे जवळजवळ २४ लाख. बॅट्समनने सोडून दिलेल्या बॉलचेसुद्धा २४ लाख. एवढे मोजल्यावर तो प्रत्येक भोकात जाहिरात कोंबणार, स्क्रीन आकसून बाजूला एलच्या आकाराची पट्टी लावणार, हे मान्य.

माझं म्हणणं एवढंच की दाजी, तुम्ही दोन ओव्हरमधली जागा विकली होती. सहावा बॉल कुणी विकला? सहावा बॉल म्हणजे बॉल टाकला एवढंच नाही, अंपायरने काय दिलं, बॅट्समन जाताना बॅटकडे बघतोय का बोलरकडे, हे सगळं धरून सहावा बॉल. शिवाय आता आयसीसीने ओव्हरच्या मध्ये घड्याळ लावलंय. वनडे आणि टी-ट्वेंटीत २०२४ पासून, टेस्टमध्ये २०२५ पासून. फिल्डिंगवाल्यांनी साठ सेकंदांत पुढच्या ओव्हरला तयार राहायचं, दोन वॉर्निंगनंतर पाच रन पेनल्टी. नियम चांगलाय, पण जागा कमी झाली की जाहिराती कमी कराव्या लागतात, ते कुणी करत नाही, मग रिप्ले कापतात.

कॉमेंट्रीबद्दल माझं मत खरं तर उलटं होतं. मी रिची बेनॉ या जुन्या ऑस्ट्रेलियन कॉमेंटेटरच्या पंथातला. चित्र बोलतंय तिथे आपण गप्प बसायचं, भर घालता आली तरच तोंड उघडायचं, असं ते मानायचे. पण बेनॉ गप्प बसायचे कारण चित्र समोर असायचं. केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन चॅनलमालकाने १९७७ ला खेळाडू फोडून स्वतःचं क्रिकेट काढलं, का, तर हक्कांसाठी, म्हणजे पैशांसाठीच. पण त्याच्या चॅनलने दोन्ही एंडला कॅमेरे लावले. त्याआधी एकाच बाजूने दिसायचं, अर्धा वेळ बॅट्समनची पाठ बघा. म्हणजे धंदेवाईक माणूससुद्धा बघणाऱ्याला जास्त दाखवून पैसे कमवू शकतो हे दाजी, सिद्ध झालेलं आहे. आत्ता चित्र गेलं सिमेंटला आणि आवाज गेला गोल्फला. या बॉलवर काय झालं हे सांगायचं काम कुणाचंच राहिलं नाही. तुमची चिडचिड माझ्या मते त्याची आहे, जाहिरातींची नाही.

उलट कपिलचे १७५ घ्या. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, १७ ला ५. त्याचं चित्रीकरणच नाही. बाबा ती इनिंग आजही सांगतात, वर्तमानपत्रात वाचून आणि लोकांकडून ऐकून तयार झालेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सिमेंटवाल्या टेस्टपेक्षा स्वच्छ आहे.

पूर्वी सगळं छान होतं असं मात्र म्हणत नाही. दूरदर्शन बातम्यांची वेळ झाली की मॅच सोडून बातम्या लावायचं, आणि ती "रुकावट के लिए खेद है"ची पाटी. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी हक्क परदेशी कंपनीला दिले म्हणून बंगालची क्रिकेट असोसिएशन आणि सरकार यांची जुंपली आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. बाबा म्हणतात, लहरी आपल्या, मॅच त्यांची. अमेरिकेतही १७ नोव्हेंबर १९६८ ला एनबीसी चॅनलने जेट्स आणि रेडर्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच संपायला मिनिटभर राहिलं असताना कापून मुलांचा सिनेमा लावला, आणि हरत असलेल्या रेडर्सनी त्या मिनिटात दोन टचडाऊन करून मॅच काढली. इतके फोन आले की एनबीसीचा स्विचबोर्ड बंद पडला. त्यानंतर मॅच संपेपर्यंत हलायचं नाही असं ठरलं. म्हणजे लोक ओरडले की बदलतं. दाजींचं दुसरं ठरलेलं वाक्य आहे की "लोक शिव्या घालतात पण बघतातच", त्याला हे उत्तर. फक्त ओरडा चॅनलकडे करा, घरच्यांवर नको. (मी दोन्हीकडे केलाय.)

उपाय विचारलात, राहिलंच की. रेडिओ. आकाशवाणीवर सगळ्या मॅचेस नसतात, जाहिराती तिथेही असतात, पण विकेट कशी पडली ते सांगतात. स्ट्रीमसोबत लावाल तर आवाज आधी आणि चित्र नंतर येणार, आम्हाला चालतं, तुम्हाला चालेलच असं नाही. दुसरं, भारताच्या बऱ्याच मॅचेसचा सिग्नल २००७ च्या कायद्यामुळे प्रसारभारतीला, म्हणजे दूरदर्शनवाल्यांना, द्यावा लागतो, पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच मिळतो. केबलवर शोधत बसू नका. आयपीएल त्या कायद्यात नाही. आणि जाहिराती तिथेही आहेतच, फुकट आहे एवढंच.

गेल्या रविवारी दाजी आले होते. टीव्ही चालू, बाबांच्या मांडीवर रेडिओ. ओव्हरच्या शेवटी काहीतरी झालं, मैदानात ओरडा झाला आणि जाहिरात लागली. दाजी पुढे वाकून म्हणाले, "बाबा, काय झालं? आऊट?" बाबांनी रेडिओचा आवाज एकदम बारीक केला, कानाला लावला आणि म्हणाले, "थांबा, जाहिरात संपू दे."