डीएनएच्या मॉडेलला गोळ्या नकोत, पुठ्ठा घ्या

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी जेलीच्या गोळ्या आणि टूथपिक घेऊन डीएनएचं मॉडेल करून घेतलं. मुलं खूश, पण दोन दिवसांत मुंग्या लागल्या, पावसाळी हवेत गोळ्या ओघळल्या आणि डीएनएतल्या ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी ए समोर टीच का, हे विचारलं तर एकालाही सांगता येईना. यंदा काय करू?

उत्तर : ताई, मुंग्यांचं सोडा, तुमचा शेवटचा मुद्दाच खरा आहे. गोळ्या सगळ्या एका मापाच्या असतात ना, तिथेच घोटाळा होतो, कुणासमोर कुणीही बसतं आणि मुलं जोड्या पाठ करून लावतात. खरं तर ए आणि जी मोठे, दोन कड्यांचे, टी आणि सी लहान, एका कडीचे.

किराणावाल्याकडून खोक्याचा पुठ्ठा आणा. ए-जीच्या पट्ट्या १२ सेंमी, टी-सीच्या ८ सेंमी, आणि दोन सुंभांमध्ये अंतर २० सेंमी. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, सुंभ या तिच्या बाजू आणि पट्ट्यांच्या जोड्या या पायऱ्या. जोड्या अजिबात सांगू नका, मुलांना झटू दे! मोठी-मोठी बाहेर येते, लहान-लहान तोकडी पडते, मग कुणीतरी ए-सी लावेल आणि रुंदी बरोबर भरेल, म्हणून आधीच ए-टीच्या टोकांना दोन दात-खाचा आणि जी-सीला तीन कापून ठेवा, ते हायड्रोजन बंध, म्हणजे समोरासमोरच्या दोघांना धरून ठेवणारे दुवे, आता ए-सी जुळतच नाही. हा पाऊण तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९५३ मध्ये केंब्रिजला डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, वॉटसनसुद्धा वर्कशॉपमधून धातूचे तुकडे यायला वेळ लागत होता म्हणून पुठ्ठेच कापून जुळवत बसला होता, हे मुलांना सांगाच. आणि रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञेचंही सांगा, तिच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये निघालेल्या एक्स-रे फोटोतून वळणाची मापं कळली, पण या शोधासाठी वॉटसन आणि इतरांना १९६२ चं नोबेल मिळालं तेव्हा ती हयात नव्हती.

आता पीळ. खऱ्या डीएनएच्या १ नॅनोमीटरला (मीटरचा अब्जावा भाग) १० सेंमी धरलं तर रुंदी २० सेंमी, एक पूर्ण वळण ३४ सेंमीचं, त्यात साधारण १० जोड्या, म्हणजे दोन जोड्यांत ३.४ सेंमी. पण पट्ट्या सुंभाला ३.४ वर बांधाल तर पीळ बसणारच नाही, कारण सुंभ तिरकं जातं. ७ सेंमीवर बांधा, पिळल्यावर उंची आपोआप साडेतीनच्या आत येते. मोठ्या पट्टीला बाहेरच्या टोकापासून १० सेंमीवर भोक पाडून सगळ्या पायऱ्या बांबूच्या कामटीत ओवा, नाहीतर पीळ सुटतो (खऱ्या डीएनएत अशी काठी नसते, तेवढं सांगा). समोरचं सुंभ खालून डावीकडून वर उजवीकडे गेलं पाहिजे, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखं, उलटं पिळलेलं मॉडेल बऱ्याच शाळांत भिंतीवर लटकलेलं असतं. एका सुंभावर बाण वर, दुसऱ्यावर खाली काढा, कारण डीएनएच्या दोन बाजू उलट दिशांना जातात.

आणि जुलैत करणार असाल तर डिंक-बिंक नको, आपल्याकडे तो वाळतच नाही, सगळं दोऱ्यानेच बांधा.